नारळ आधी की कुंकू?

दिग्विजयने राजीनाम्याचं शेवटचं वाक्य लिहिलं, 'जिथे माझ्या बोटांना स्वातंत्र्य नाही, तिथे मी राहू शकत नाही.' ते त्याचं त्यालाच इतकं आवडलं, की पत्र पाठवण्याआधी अंघोळ उरकून यावं असं त्याने ठरवलं.

भांडण माउसवरून होतं. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात दिग्विजय कॉम्प्युटर सांभाळायचा. ऑफिसातल्या मशीनवर आणि स्वतःच्या लॅपटॉपवर त्याने विंडोज काढून लिनक्स टाकलं होतं आणि पडद्यावरच्या खिडक्या मांडणारा एक अगदी हलका विंडो मॅनेजर बसवला होता. त्यात चिन्हं नाहीत, मेनू नाही, माउस तर नाहीच. जे करायचं ते कीबोर्डवर. नवी खिडकी उघडली की जुन्या आपोआप सरकून तिला जागा देतात, भावाभावांत वाटणी व्हावी तशा, फक्त भांडण न करता. परवा तो रजेवर असताना मालक गुरुराजसाहेब त्या मशीनपुढे बसले आणि एक चलान छापण्यासाठी अर्धा तास काळ्या पडद्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी फर्मान काढलं, "मशीनला माउस लाव, न्हायतर दुसरीकडं काम बघ."

दोन तांबे गार पाणी डोक्यावर पडलं आणि दिग्विजयचा राग निवला. सोलापुरात असं दुसरं काम मिळणं कठीण. पुण्याला जावं लागणार, आणि आई-आण्णांना सोडून राहायची कल्पनाच त्याला सोसवेना. नाही पाठवायचं पत्र! टॉवेल गुंडाळून तो तसाच बाहेर आला.

लॅपटॉपवर नारळ होता.

त्या दिवशी खंडेनवमी होती. त्याची आई, केराबाई, विळा, शिलाई मशीन, मिक्सर आणि आण्णांची स्कूटर पुजून झाल्यावर लेकाच्या हत्याराकडे वळल्या होत्या. कीबोर्डवर कुंकवाची पाच बोटं, डाव्या कोपऱ्यात नारळ. पडद्यावर पत्र नव्हतं. चार रिकामे काळे चौकोन होते.

दिग्विजयने वाकून पाहिलं. कुंकवाचं एक बोट 'वाय' या कळीवर होतं. त्याच्या मेलच्या प्रोग्राममध्ये तयार पत्र पाठवायला तेवढी एकच कळ दाबावी लागे. किती वेळ वाचतो, असं तो मित्रांना अभिमानाने सांगायचा.

नारळ मात्र विंडोजच्या कळीवर बसला होता. ती दाबलेली असली की बाकीच्या कळा नुसत्या खिडक्या उघडतात, हलवतात, लपवतात, पत्राला धक्का लावत नाहीत. म्हणजे नारळ आधी ठेवला असेल, तर नोकरी शाबूत. कुंकू आधी लागलं असेल, तर राजीनामा साहेबांकडे पोचला.

"आई, नारळ आधी ठिवलास का कुंकू आधी लावलंस?"

"कुंकूच आधी लावत्यात. एवढं बी ठावं न्हाय व्हय तुला?"

"लावत्यात न्हवं गं! तू आज काय केलंस?"

"मी काय उलटी पूजा करती व्हय?"

तो नारळ उचलायला गेला, तशी केराबाईंनी हातावर चापट मारली.

"उद्या शिलंगण होईस्तोवर हत्याराला हात लावायचा न्हाय."

"नुस्तं बघतो गं."

"मग डोळ्यांनी बघ की."

माउस असता, तर कीबोर्डला बोटही न लावता पत्र शोधता आलं असतं. आयुष्यात पहिल्यांदाच दिग्विजयला त्या प्राण्याची आठवण आली. मोबाइलवर ऑफिसचा मेल घ्यायचा नाही, हे तत्त्वही त्याचंच. स्वतःच्या तत्त्वांचा त्याला मनापासून संताप आला.

तेवढ्यात फोन वाजला. गुरुराजसाहेब!

"साहेब, ते मी रागात लिहिलं," दिग्विजयने त्यांना बोलूच दिलं नाही. "मनात तसं काय न्हाय. माफ करा."

"काय लिहिलंस बे?"

"मिळालं न्हाय तुमाला?"

"काय मिळायचंय?"

"दसऱ्याच्या... शुभेच्छा."

"शुभेच्छा रागात लिहिल्यास?" साहेबांनी विचारलं. "सकाळपासनं मेल बघितलाच न्हाय. थांब, उघडतो."

फोनमधून माउसची टिकटिक ऐकू येऊ लागली. एक, दोन, तीन. दिग्विजयने काकुळतीने आईकडे पाहिलं.

लेकाचा चेहरा बघून केराबाई घाबरल्या. त्यांनी पूजेचं ताट डाव्या हातात घेतलं आणि मघाशी कसं केलं ते करून दाखवायला उजवा हात पुढे केला. हात तसाच थांबला.

"अगं बया! ह्या हातात नारळ हुता की. त्यो खाली ठिवल्याबिगर कुंकवाला बोट कुटनं आणू?"

दिग्विजय मटकन खाली बसला. छातीवरचं ओझं असं उतरलं, की त्याला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. आईचे पाय धरावेत असं वाटलं. पण एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात टॉवेल होता.

"काय बी आलेलं न्हाय," साहेब म्हणाले. "बरं, मी फोन कशाला केला ते ऐक. दसऱ्यानंतर मशीनला माउस लावतोस का न्हाय, तेवढं आज सांग."

"लावतो की साहेब," दिग्विजय म्हणाला. "दोन लावतो."