इंदूमावशींची डावी बाजू

इंदूमावशी गाडी चालवताना रस्त्याशी बोलायच्या. "या रिक्षाभाई, पहेलां तमे!" "अहो स्कूटरवाले जावईबापू, सासरी निघालात वाटतं?" हे सगळं काचा बंद करून. त्यामुळे ते ऐकायला शेजारी बसलेला माणूसच असे, आणि तो बहुतेक वेळा मी असे, दाराचं हँडल घट्ट धरून.

बडोद्यात, कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत त्यांचा फ्लॅट आमच्या समोरच. यजमान कधीच गेलेले, मुलगी परदेशात. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. सासरचे पूर्वज संस्थानच्या घोडदळात होते, हे त्या गेल्याच आठवड्यात घडल्यासारखं सांगायच्या. "श्रीकांत, आमच्या घराण्यात खोगिरावरून कोणी उतरत नाही. पडतं फार तर."

पडल्या त्या मात्र स्वयंपाकघरात. ओट्याची कड डोक्याला लागली, मेंदूत रक्त साकळलं. ऑपरेशन झालं आणि मावशी डोक्याला रुमाल बांधून घरी आल्या. बोलणं शाबूत होतं, थोडं वाढलंच होतं. आम्हाला वाटलं, सुटलो.

त्याच आठवड्यात बायकोने त्यांच्यासाठी ताट वाढून नेलं. मावशी जेवल्या आणि म्हणाल्या, "अश्विनी, तुमच्याकडे चटणी-कोशिंबीर वाढायची पद्धत गेली का गं?"

चटणी-कोशिंबीर ताटात डावीकडे तशीच होती. भाजी, आमटी सगळं संपलेलं, आणि भाताची मूद मधोमध चिरल्यासारखी अर्धी उरलेली. अश्विनीने ताट फिरवलं. "आत्ता वाढलीस होय!" म्हणत मावशींनी कोशिंबिरीवर ताव मारला. आम्ही दोघं हसलो. पण हसू लगेच विरलं, कारण हात धुता धुता मावशी म्हणाल्या, "माझी गाडीची किल्ली कुठाय रे?"

ज्या बाईला ताटातली कोशिंबीर दिसत नाही, तिला डावीकडून येणारं शाळेतलं पोर दिसेल?

किल्ली मी लपवली. मावशींनी डॉक्टरांकडे तक्रार केली. डॉक्टर शहाणे निघाले. "मासी, पहिले परीक्षा आपो, मग किल्ली," म्हणाले आणि त्यांना पुनर्वसन केंद्रात पाठवलं.

तिथे एका खोलीत गाडीची खरी सीट, खरं स्टिअरिंग, खरे पेडल आणि समोर अर्धवर्तुळात मोठे पडदे होते. सिम्युलेटर म्हणतात त्याला. मावशी त्याला 'खोटी गाडी' म्हणायच्या. हे सगळं चालवणाऱ्या हेतलबेन हसतमुख, पण नजर शिक्षिकेची.

"मासी, तमारी आंख बराबर छे," त्यांनी समजावलं. "फक्त मगज डावी बाजू विसरून जातो. आपण त्याला परत शिकवू."

मावशींनी चपला काढल्या, स्टिअरिंगला नमस्कार केला आणि गाडी सुरू केली. मिनिटभरात पडद्याला बोल लावायला लागल्या. "ही कुठल्या गावची वाहतूक? एक गाय नाही, रिक्षा नाही, आणि सगळे सिग्नलला थांबतात! बडोद्याचा माणूस इथे चक्कर येऊन पडेल."

हेतलबेन खुदकन हसल्या. मी मागच्या स्टुलावर बसून हसत होतो. तेवढ्यात डाव्या पडद्यावर एक सायकलवाला दिसायला लागला. मला दिसला, हेतलबेनना दिसला. मावशी बोलतच होत्या. मी तोंड उघडलं, तर हेतलबेननी हाताने थांबवलं.

धप्प, असा आवाज झाला.

पडदा तिथल्या तिथे थांबला. मावशी अगदी लहान आवाजात म्हणाल्या, "काय होतं ते?"

"सायकल, मासी."

"कुठून आली? तिथे कोणी नव्हतं."

हेतलबेननी तेच दृश्य पुन्हा दाखवलं. मावशींनी मान मुद्दाम डावीकडे वळवून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मीच नजर फिरवली. "उठला का तो?" त्यांनी विचारलं. चित्रातला माणूस तो. तरी घरी येईपर्यंत त्या तेच विचारत होत्या.

मला वाटलं, आता हौस फिटली. पण मावशी जातच राहिल्या. दर वळणाला 'डावं, डावं' असं जपासारखं म्हणायच्या. घरीही तेच. जेवताना 'डावं', दार उघडताना 'डावं'. सोसायटीतले लोक हसत. हळूहळू पडद्यावरचे सायकलवाले वाचायला लागले, आणि एका संध्याकाळी हेतलबेननी खऱ्या रस्त्यावर चाचणी ठेवली. शेजारी शिकवणारे गृहस्थ, त्यांच्या पायाशीही ब्रेक. मागे मी, पुन्हा हँडल धरून.

मावशी अप्रतिम चालवत होत्या, अगदी न बोलता. एका गल्लीतून डावीकडून स्कूटर सुसाट आली. शेजारच्या गृहस्थांनी पाय उचलण्याआधीच मावशींनी ब्रेक दाबला. स्कूटरवरची मुलगी शिवी हासडून निघूनही गेली.

"सरस, मासी!" गृहस्थ म्हणाले. "पास!"

मावशींनी इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. "नापास लिहा," त्या म्हणाल्या.

परतताना रिक्षात मी विचारलं, "मावशी, दिसली ना ती तुम्हाला?"

"दिसली. पण दिसायच्या आधी तिथे रस्ताच नव्हता रे, श्रीकांत. काळोखही नव्हता. काहीच नव्हतं. पुन्हा असं झालं तर?"

"मग इतके दिवस हट्ट कशाला केलात? कुठे जायचं तर मी सोडेन की."

त्या बाहेर बघत म्हणाल्या, "मी पडले ना, तेव्हा शुद्धीत होते. जमिनीवरून दाराची बेल ऐकत होते. दूधवाला आला, वाजवून गेला. कुरियरवाला गेला. हाक मारली, तर आवाजच फुटेना." मग जरा हसल्या. "रस्त्यात बाई कोसळली, तर मागचा निदान हॉर्न तरी वाजवतो. घरात कोण वाजवणार?"

सोसायटी आली. जिन्यात त्यांनी माझा हात धरला, अगदी वरपर्यंत. मी कुलूप काढून दिलं, पण मावशी उंबरठ्यावरच थांबल्या. आत अंधार होता.

"जरा थांबतोस?" त्या म्हणाल्या. "दिवे लावेपर्यंत."

बैठकीचा लागला, मग आतल्या खोलीचा. स्वयंपाकघराच्या दारात त्या घुटमळल्या. तेव्हा मीच आत गेलो आणि तिथला दिवा लावला.