दोन हात खाली, मंगळवारी

“चार हजार वर्षं, आत्या, चार हजार! हात लावू नकोस!”

चिखलाचा डॉक्टर (घरात त्याला हेच म्हणत) जेवणाच्या टेबलापुढे पहारेकऱ्यासारखा उभा होता. टेबलावर उभा चिरलेला लांबलचक पाइप, आणि पाइपात खाडीचा गाळ. प्रयोगशाळेतलं शीतघर बंद पडलं म्हणून गाळ घरी आला होता आणि घरची माणसं तीन दिवस ताटं मांडीवर घेऊन जेवत होती.

आज विभागप्रमुख बाई गाळ बघायला यायच्या होत्या. गाळ पटला, तर डॉक्टरची नोकरी कायम. नाही पटला, तर गुडघाभर चिखलात घालवलेली सहा वर्षं चिखलातच जाणार होती.

बाई आल्या, चष्मा चढवून वाकल्या.

“हे बघा!” डॉक्टरने पट्टी टेकवली. “तळाशी काळ्या मुळ्या, पानांचा चोथा. म्हणजे खारफुटीचं जंगल. त्यावर, वरून दोन हात खाली, ही वीतभर पांढरी वाळू. तिच्यावर पुन्हा मुळ्या! याचा अर्थ काय? महालाट आली! जंगल गाडलं गेलं! परत उगवायला हजार वर्षं लागली!” मग त्याने तान्हं बाळ उचलावं तशी चिमट्याने एक काळपट, चपटी काडी उचलली. “आणि हे लाटेबरोबर वाहून आलेलं पुरातन लाकूड. याचा अर्धा तुकडा वय तपासायला परदेशी पाठवलाय.”

“वा! वर्तमानपत्रांना कळवलंत?”

“सकाळीच!”

चहा घेऊन आलेली आत्या काडीकडे टक लावून बघत होती.

“अरे, ही आइसकांडीची काडी.”

दाढ ठणकत असताना फोटो काढून घ्यावा तसा डॉक्टर हसला. “आत्या, तू आत जा बरं.”

“जाते. पण ही वाळू आपल्या नगराध्यक्षांची हो! त्यांना खाडीवर पांढरा किनारा हवा होता. झाडं तोडून नव्वद ट्रक ओतले. हा जन्मला त्याच वर्षी. मंगळवार होता, आम्हाला शाळेला सुट्टी. उद्घाटनाला आइसकांडी फुकट! मी दोन खाल्ल्या. भाषण सुरू झालं आणि नगराध्यक्ष खुर्चीसकट रुतायला लागले. ‘बंधुभगिनींनो’ म्हणाले तेव्हा गुडघे दिसत होते, ‘आभार’ म्हणेपर्यंत नुसती कॉलर!”

“आणि झाडं?” बाईंनी वही काढली.

“कुणी लावलीबिवली नाहीत. हा शाळेत जायला लागला तेव्हा कमरेएवढी होती. दहावीला गणितात लटकला तेव्हा माझ्या डोक्यावर गेली.”

बाईंनी बोटं मोजली. “अहो, म्हणजे गाडलेलं जंगल पस्तीस वर्षांत आपणहून परत आलं! हीच तर खरी बातमी! आणि प्रयोगशाळा वय सांगताना चाळीस वर्षं इकडेतिकडे करते, यांनी तर वार सांगितला!”

नोकरी पक्की झाली. डॉक्टरने वर्तमानपत्रांना फोन करून महालाट परत पाठवली. अहवालात ‘वयनिश्चिती’ या मथळ्याखाली लिहिलं : आत्या.

मग त्याने स्वतः खुर्ची ओढली, आत्याला बसवलं आणि वाळूखालच्या, पार तळाच्या काळ्या थरावर पट्टी ठेवली.

“आणि ह्या मुळ्या गं? ह्या कधीच्या?”

आत्याने वाकून नीट न्याहाळलं.

“ह्या नाही बाबा आठवत. तेव्हा मी अगदीच लहान असेन.”