हिंदुरावांच्या आठ अंशांची बखर

श्री. ज्याने चोरून खाल्ले आणि तोंडास लागलेले पुसले नाही, त्या नंदाच्या लेकास प्रथम दंडवत. दुसरे दंडवत वाफेस आणि तिसरे विजेस, कारण त्या दोघी रुसल्या तर देवासही दही मिळत नाही. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख शुद्ध दशमी, ते दिवसापासून पंधरा-वीस दिवस दह्याच्या राज्यात जे वर्तमान जाहले ते यथास्थित लिहितो. ज्यास गोड लागेल त्याने घ्यावे, ज्यास आंबट लागेल त्याने साखर घालून घ्यावे.

राज्य बहुत थोर. तट पत्र्याचा, महाद्वारी पहारा दोन असामींचा, आत बुरुजाएवढी एक पोलादी टाकी, आणि पहाटे चहूकडून दुधाचे टँकर येत आणि दुसरे दिवशी दह्याचे डबे बाहेर पडत, आणि वैशाखात लग्नसराई आली म्हणजे दह्यास ऐसा उठाव होई की कोणास पाठ टेकावयास सवड न होई. राज्याचा मूळ कायदा एकच, की दूध बेचाळीस अंशांवर आणावे आणि मग विरजण घालावे. थंड दुधात विरजण झोपते आणि कढत दुधात मरते, हे घरोघरीच्या बायका जाणतात, परंतु बुरुजाएवढ्या टाकीत बोट कोणी घालावे, म्हणोन तिच्या पोटात सेन्सर नामे एक जासूद बसविला होता, आणि तो दुधाची ऊब पाहून तारेवाटे पॅनेलास खबर देई, आणि पॅनेल ती लाल आकड्यांनी दरबारास दाखवी. ऐसियास त्या पॅनेलास एक खोड होती. ते आलेल्या खबरेत आठ अंश पदरचे घालीत असे. दूध बेचाळीस जाहले म्हणजे पॅनेल पन्नास म्हणे. ही खोड त्यास कोणी लाविली, कोणास ठाऊक नाही. कोणी म्हणती वीज पडली, कोणी म्हणती पहिल्या साहेबांच्या मेव्हण्याने बटणे दाबिली.

ही खोड प्रथम ओळखिली ती हिंदुराव खाडे यांनी. हिंदुराव म्हणजे टाकीवरचे वडील ऑपरेटर, वय छपन्न, चाकरी बावीस वर्षे, मिशी भरघोस. पॅनेल पन्नास दाखवील तेव्हा बेचाळीस समजावे, ऐसी रीत त्यांनी घातली, आणि ती कोठे लिहून ठेविली नाही, कारण लिहिली तर हिंदुरावांस विचारणार कोण? नवा ऑपरेटर येई, आकड्यावर विश्वास ठेवी, त्याचे दही मोडे, मग तो खाली मान घालून हिंदुरावांपुढे येई, आणि हिंदुराव त्यास घटकाभर उभा ठेवून सांगत, "पॅनेल बोलतंय ते ऐकायचं, मानायचं न्हाई. आठ वजा." साहेब आले आणि साहेब गेले, आठ राहिले. पुढे पुढे तर हिंदुरावांस हे आठ ऐसे अंगवळणी पडले की डॉक्टरांनी रक्तदाब एकशे अठ्ठेचाळीस सांगितला तेव्हा त्यांनी घरी एकशे चाळीस सांगितला, आणि बायकोने चिठ्ठी दाखविली तर म्हणाले, यंत्राचं सगळं धरायचं नसतंय.

मग चैत्रात राजमती चौगुले नामे एक मुलगी, शिरोळकडची, आयटीआयची इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, सहा महिने काम पाहू आणि मग कायम करू ऐशा बोलीने चाकरीस राहिली. तिच्या गावातून या विद्येवर चाकरीस लागलेली ती पहिलीच मुलगी, आणि ती परत गेली असती तर गाव "आम्ही म्हणालोच होतो" एवढेच म्हणाले असते, हे ती पुरते जाणून होती. वैशाख शुद्ध दशमीस ती टाकीपाशी आली, आणि तिच्या मुठीत एक पिवळे यंत्र होते, त्यास दोन तारा, एक तांबडी, एक काळी, आणि टोकांस चिमटे. हिंदुरावांनी विचारिले, "काय गं पोरी, नवा मोबाईल का?"

"न्हाई ओ मामा, हा सिग्नल जनरेटर. म्हणजे खोटा सेन्सर म्हणा. खऱ्या सेन्सरची तार सोडवायची आणि हा लावायचा. पॅनेलला वाटतंय सेन्सरच बोलतोय."

"म्हंजे खोटं बोलायची मशीन आणलीस. त्याला आमचं पॅनेल काय कमी हुतं व्हय?"

"हे खोटं बोलतंय, पण किती ते आपल्याला ठाऊक असतंय, मामा. म्हणून तर दुसऱ्याचं खोटं सापडतंय."

तारेची बोली चारापासून विसापर्यंत असते. चार म्हणजे शून्य अंश, वीस म्हणजे शंभर, आणि बारा म्हणजे नेमके पन्नास. राजमतीने चिमटे लाविले आणि बारा पाठविले, तो पॅनेल अठ्ठावन्न म्हणाले. चार पाठविले, आठ म्हणाले. वीस पाठविले, एकशे आठ म्हणाले. मग राजमती हसली आणि म्हणाली, बिचारं खोटं बोलतंय खरं, पण एकवचनी आहे. आणि तिने पॅनेलाच्या पोटातील कायदा उघडिला, आणि जे आठ अंश बावीस वर्षे मानकऱ्यासारखे तेथे बसले होते ते चार बटणे दाबताच गेले. हिंदुराव शेजारी उभे राहून पाहात होते. त्यांस बहुत वाईट वाटले, आणि का वाटले ते कळेना, म्हणोन त्यांनी ते उन्हावर घातले. राजमती म्हणाली, "मामा, आजपासनं दिसंल तेच खरं. वजा करू नका हां." हिंदुराव म्हणाले, बरं. परंतु हे बरं ऐसे होते, जैसे उंबऱ्यावरून पाहुण्यास "या परत कधी तरी" म्हणतात. मग तिने हेच वहीत लिहिले आणि खाली सर्व ऑपरेटरांच्या सह्या घेतल्या, आणि सर्वांनी सह्या केल्या, आणि कोणी वाचिले नाही.

दुसरे दिवशी एकादशी, आणि द्वादशीस तीन लग्ने, तिन्हींचे दही याच टाकीचे. हिंदुरावांनी वाफेचा व्हॉल्व्ह खोलिला आणि पॅनेलासमोर उभे राहिले. पॅनेलावर बेचाळीस आले. हिंदुरावांनी चौतीस वाचिले. अजून आठ पाहिजेत म्हणोन वाफ आणखी सोडली, आणि पॅनेल पन्नास दाखवू लागले तेव्हा "आलं बेचाळीस" म्हणोन समाधान पावले, आणि वहीत बेचाळीस लिहिले, आणि त्या कढत दुधात विरजण घातले, आणि मिशीवरून हात फिरविला. विरजणाचे काय जाहले ते विरजणास ठाऊक. सायंकाळी प्रयोगशाळेच्या कालिंदीबाई एक वाटी घेऊन साहेबांपुढे आल्या आणि त्यांनी ती नुसती कलती केली, तो सारे टेबलावर पसरले. बाई म्हणाल्या, "साहेब, ह्याला दही म्हणायचं का पाणी, ते तुम्हीच ठरवा. मी लिहून घेते."

द्वादशीस थोरल्या साहेबांचा दरबार भरला. साहेब राज्याचे मॅनेजर, बहुत दयाळू, परंतु घाईचे, आणि तिन्ही वधूपित्यांचे फोन सकाळपासून येत होते, त्यामुळे घाई दुप्पट. मसलत ऐसी जाहली की बावीस वर्षे पॅनेलास कोणी हात लाविला नाही तोवर दही लागत होते, आणि मुलीने हात लाविला आणि दही मोडले, सबब मुलगी. चोर सोडून संन्याशास फाशी म्हणतात ते याहून निराळे नसावे. साहेब म्हणाले, "पॅनेल होतं तसं करून ठेवा. आणि राजमती, उद्यापासून तुम्ही येऊ नका." राजमती रडली नाही. ती म्हणाली, "जाते, साहेब. पण जायच्या आधी तपासणी एकदा तुमच्या हातानं करा. मी यंत्राला बोट लावत नाही."

हे साहेबांस मानवले. मग सारा दरबार उठून टाकीपाशी गेला, आणि कालिंदीबाईंनी चिमटे लाविले, आणि साहेबांनी ते पिवळे यंत्र आपल्या हाती घेतले. साहेबांनी बारा पाठविले, पॅनेल पन्नास म्हणाले. वीस पाठविले, शंभर म्हणाले. साहेबांस खेळण्यासारखी गोडी लागली आणि ते मनास येईल तो आकडा पाठवू लागले, आणि पॅनेल प्रत्येक वेळी मुकाट्याने त्याचे नेमके अंश सांगू लागले. शेवटी साहेबांनी बेचाळीसचा सिग्नल लावून ठेविला आणि विचारिले, "पॅनेल तर बरोबर आहे. मग दही मोडलं कसं?"

राजमतीने वहीकडे पाहिले. उत्तर तिला सकाळपासून ठाऊक होते. वहीत हिंदुरावांच्या अक्षरात बेचाळीस होते आणि पॅनेलाच्या आठवणीत पन्नास. परंतु मामांचे नाव दरबारात घेणे तिच्याने होईना. साहेब म्हणाले, उत्तर नाही म्हणजे दोष तुमचाच, आणि मग साक्षीकरिता हिंदुरावांकडे वळले. "हिंदुराव, इथले जाणते तुम्ही. पॅनेलवर काय दिसतं, वाचा."

हिंदुरावांनी पॅनेलाकडे पाहिले. चार आणि दोन, लालभडक. आणि तोंडात चौतीस येऊन बसले. ते ओठांवर आलेच होते, इतक्यात कालचा दिवस हिंदुरावांस एकदम कळला. वाफ कोणी सोडिली, विरजण कोणी मारिले, सर्व कळले. आणि हेही कळले की आता नुसते बेचाळीस म्हटले की सारे निभावते. आकडा तर तोच आहे, खोटेही बोलावे लागत नाही. मुलगी जाईल, आठ परत येतील, नवे ऑपरेटर पुन्हा खाली मान घालून येतील. हिंदुरावांस भय वाटले आणि लाजही वाटली, आणि दोहोंत लाज वडील निघाली.

"चौतीस," हिंदुराव म्हणाले.

दरबार हसला. साहेब म्हणाले, "हिंदुराव, डोळे तपासून घ्या."

"डोळं धड हायती, साहेब. बेचाळीसच दिसतंय. पर बावीस वर्सं झाली, दिसतंय एक आन् मी वाचतोय एक. काल बी बेचाळीस आलं हुतं, मी चौतीस वाचलं आन् वाफ सोडली. दही मी मोडलं. पोरीनं सांगितलं हुतं, वजा करू नका. मी बरं म्हणलो हुतो." मग पॅनेलाकडे बोट करून म्हणाले, "पॅनेल सुदारलं, साहेब. मी ऱ्हायलो."

मग साहेबांनी बाकीच्या ऑपरेटरांस एकेक करून पुढे बोलाविले आणि वाचावयास सांगितले, तो पहिला म्हणाला चौतीस, दुसरा म्हणाला चौतीस, आणि तिसरा चाणाक्ष होता, तो म्हणाला, कुणाचं सांगू, पॅनेलचं का माझं? खुद्द साहेबांच्याही मनात चौतीसच आले होते, परंतु ते त्यांनी कोणास सांगितले नाही. लिहिणाऱ्यास कसे कळले, हे विचारू नये.

राजमतीचा निरोप रद्द जाहला. मग नवी मसलत निघाली आणि शहाणे म्हणाले, माणसे बारा, पॅनेल एक, बारांस सुधारण्यापेक्षा एकास बिघडविणे सोपे, पुन्हा आठ चढवावे आणि सुखाने राहावे. साहेबांसही ते पटू लागले. तेव्हा हिंदुराव म्हणाले, "नको, साहेब. त्यापरीस मलाच रोज तपासा." आणि दुसरे दिवसापासून पाळी सुरू होण्याआधी राजमती चिमटे लावी आणि एक आकडा पाठवी, आणि हिंदुराव हात मागे बांधून शाळेतल्यासारखे वाचीत. पहिले चार दिवस आठ कमी. पाचवे दिवशी त्यांनी निग्रह केला आणि आठ जास्त. आठवे दिवशी घाम फुटला. बाकीचे ऑपरेटर दोन दिवसांत सुधारले, त्यांचे आठ उसने होते, हिंदुरावांचे स्वतःचे होते. पंधरावे दिवशी राजमतीने सदतीस पाठविले आणि हिंदुरावांनी सदतीस वाचिले, आणि राजमतीने टाळी वाजविली.

त्याच आठवड्यात एक नवा ऑपरेटर आला. त्याने पॅनेल पाहिले, बेचाळीस वाचिले, वाफ बंद केली, विरजण घातले आणि डबा खावयास गेला. हिंदुरावांकडे त्याने पाहिलेही नाही. त्याचे दही उत्तम लागले. हिंदुराव टाकीजवळ बाकावर बसून होते, आणि इतक्या वर्षांत प्रथमच आपण येथे नसलो तरी चालेल ऐसे त्यांस वाटले, आणि फार एकटे वाटले.

दुसरे दिवशी राजमती ते पिवळे यंत्र खोक्यात भरून आली. म्हणाली, "मामा, हे पुण्याला चाललंय. वर्षातनं एकदा ह्याची पण तपासणी असती."

"ह्याची कोण करतंय?"

"ह्याच्यापेक्षा खरं यंत्र."

"आन् त्याची?"

"त्याच्यापेक्षा खरं."

"आन् सगळ्यात शेवटाला?"

राजमती खोके खाली ठेवून त्यांच्याजवळ बसली आणि म्हणाली, "मामा, पॅनेल आठ जास्त सांगतंय हे तुम्हाला पहिल्यांदा कळलं कसं? तवा तर हितं तपासायचं कुठलंच यंत्र नव्हतं."

बावीस वर्षांत हे कोणी विचारिले नव्हते. सर्वांनी आठ घेतले आणि गेले. हिंदुराव म्हणाले, "थोरली लेक तान्ही हुती. तिची आई अंथरुणाला खिळलेली. बाटलीनं दूध मीच पाजायचो. थेंब मनगटावर टाकून बघायचो, पोरीची जीभ पोळू नये म्हणून. ते एकदा हाताला कळलं की जात न्हाई. हितं हाताला विरजणाजोगं लागलं, तवा पॅनेल पन्नास म्हणत हुतं." आणि ते उठले, आणि टाकीच्या नमुन्याच्या तोटीतून चमचाभर दूध घेतले, आणि म्हणाले, "हात आण. लेकीला ह्याच्यापेक्षा जरा कोमट लागायचं. विरजणाला एवढं लागतंय. ध्यानात ठेव." राजमतीने मनगट पुढे केले आणि हिंदुरावांनी त्यावर थेंब सोडला, आणि तिने डोळे मिटून घेतले, आणि हिंदुरावांनी वर पॅनेलाकडे पाहून जैसे होते तैसे वाचिले, "बेचाळीस."

येणेप्रमाणे राज्यातून आठ अंश गेले, मुलगी राहिली, आणि मागे उरले ते हिंदुराव. त्या दिवशीचे दही ऐसे लागले की कालिंदीबाईंनी वाटी उलटी धरिली आणि साहेबांचे टेबल कोरडे राहिले. येथे लेखणी खाली ठेविली.