व्हायोलिन वगळून

माझ्या हातून आजवर जेवढे घोटाळे झाले, त्यातल्या बहुतेकांची सुरुवात 'घरीच करू की' या वाक्याने झालेली आहे. नळ घरीच दुरुस्त करू, केस घरीच कापू, सोफ्याचं कापड घरीच बदलू. (तो सोफा आता आम्ही भिंतीकडे तोंड करून ठेवतो.) त्यामुळे गेल्या महिन्यात एका शनिवारी मी जेव्हा म्हणालो, "रेकॉर्डिंगच ना, घरीच करू की," तेव्हा बायकोने हातातला कप खाली ठेवला.

"काय काय मोडणार आहे, ते आधी सांगा," ती म्हणाली.

मी हायस्कूलमध्ये संगीत आणि ध्वनितंत्र हा विषय शिकवतो. म्हणजे नक्की काय, असं लोक मला सोळा वर्षं विचारतायत. गणिताच्या सरांना कोणी असं विचारत नाही. तर मी मुलांना सूर ओळखायला शिकवतो, माइक कुठे ठेवायचा ते शिकवतो, रेकॉर्ड केलेल्या आवाजातला नको तो भाग काढून टाकायला शिकवतो. स्टाफरूममध्ये मला 'वायरमन' म्हणतात. शाळेत कुठेही बल्ब गेला की मलाच निरोप येतो. (आणि मी जातोही.)

आता हा विषयच बंद पडायची वेळ आली होती. खेळाच्या सरांना टेबल टेनिससाठी खोली हवी होती आणि माझ्या खोलीत दोन टेबलं अगदी मापात बसत होती. हे मला कसं कळलं? तर माझा तास चालू असताना ते टेप घेऊन आत आले, "तुमचं चालू द्या, सर" असं म्हणाले आणि माझ्या पायाजवळून माप घेऊन गेले. सोमवारी शाळेची समिती बसून फैसला करणार होती.

"तुम्हाला पाच मिनिटं मिळतील," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "समितीला काहीतरी छानसं ऐकवा. भाषण करू नका."

"थोडी प्रस्तावना..."

"सर, भाषण करू नका."

विषय बंद झाला तर मला ग्रंथालयात बसवणार होते. पुस्तकांवर शिक्के मारायला. वरवर मी स्टाफरूममध्ये खूप विनोद केले, पण खरं सांगतो, मी घाबरलो होतो. मला दुसरं काही येत नाही. शिक्कासुद्धा मी उलटा मारेन.

तेव्हा मी ठरवलं की स्वतः रचलेली एक धून व्हायोलिनवर वाजवायची, स्वतःच रेकॉर्ड करायची आणि समितीला गार करायचं. शाळेतल्या खोलीत ते शक्य नव्हतं, कारण भिंतीपलीकडे पाण्याचा पंप आहे आणि तो सगळ्या रागांत एकच सूर लावतो. म्हणून शाळेचा सगळ्यात चांगला माइक मी स्वेटरमध्ये गुंडाळून घरी आणला.

रविवारी दुपारी कामाला लागलो. झोपायच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून घरातल्या सगळ्या रजया भिंतींवर टांगल्या. सगळ्यात जाड रजई खिडकीच्या पडद्याच्या दांडीवर टाकली. पंखा बंद केला. घड्याळातला सेल काढला. स्वयंपाकघरातला फ्रिज खर्जात गुणगुणत होता, तोही बंद केला.

फ्रिजच्या बाबतीत आमच्या धंद्यात एक रिवाज आहे. रेकॉर्डिंगसाठी फ्रिज बंद केला की गाडीची किल्ली त्याच्या आत ठेवायची. म्हणजे जाताना किल्लीसाठी फ्रिज उघडावाच लागतो आणि तो परत सुरू करायची आठवण होते. मुलांना मी हे दरवर्षी सांगतो आणि मुलं खूश होतात. त्याप्रमाणे टेबलावर दिसली ती किल्ली मी फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्याशेजारी ठेवली.

ती बायकोच्या स्कूटरची होती.

"मी ताईकडे जाते," बायको बाहेरून म्हणाली. "दोन तास येत नाही. वाजवा काय वाजवायचं ते."

एवढी शांतता मला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळत होती. मी दार लावलं, त्यावर 'आत येऊ नये. खोकूही नये.' असा कागद आधीच चिकटवला होता, कानांवर हेडफोन चढवले, अर्धापाऊण तास व्हायोलिन जुळवलं, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि डोळे मिटून वाजवायला सुरुवात केली.

काय वाजवलं म्हणून सांगू! पाच मिनिटं मी या जगात नव्हतो. शेवटचा सूर लांबवला, लांबवला आणि अजून लांबवणार, तेवढ्यात पडद्याची दांडी रजईसकट खाली आली. (दांडीसुद्धा मीच घरी बसवली होती.) पाहतो तर खिडकी सताड उघडी आणि पलीकडे बाल्कनीत, माझ्यापासून हातभर अंतरावर, बायको खुर्ची टाकून फोनवर बोलत बसलेली.

"थांब गं ताई," ती फोनमध्ये म्हणाली. "बहुतेक संपलं."

"तू गेली नाहीस?" मी ओरडलो.

"किल्ली सापडत नाहीये. अर्धा तास शोधली. विचारायला आत यावं तर दारावर कागद! खोकायचीसुद्धा चोरी. मग बसले ताईला फोन करत."

"किल्ली फ्रिजमध्ये आहे."

बायकोने फोन कानाला लावला आणि अतिशय शांतपणे म्हणाली, "ताई, किल्ली फ्रिजमध्ये आहे." पलीकडून मेव्हणीचं हसू मला हेडफोन लावलेले असतानाही ऐकू आलं.

रेकॉर्डिंग लावून पाहिलं. व्हायोलिन तर होतंच, पण मागे पहिल्यापासून शेवटपर्यंत बायकोची बडबड. काय बोलते आहे, याकडे माझं लक्ष गेलं नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली की त्या पट्टीतले शब्द कानाला लागत नाहीत, नुसती लय कळते. पुन्हा वाजवायचं तर दांडी बसवायला हवी आणि बायको त्या मनःस्थितीत नव्हती. फ्रिजमधलं आइसक्रीम तिला पेल्यातून प्यावं लागलं होतं.

पण मी काय उगीच ध्वनितंत्र शिकवतो? कॉम्प्युटर उघडला. आमच्याकडे एक सॉफ्टवेअर आहे. नको असलेल्या आवाजाचा नमुना त्याला दाखवायचा की ते तेवढाच आवाज उपसून काढतं. मी बायकोचा आवाज दाखवला. (तिला हे सांगू नका.) आता त्यात बाजूला एक छोटा चौकोन असतो. त्यात टिक केली की जे काढून टाकलं जाणार आहे, तेवढंच ऐकू येतं. चुकून चांगलं काही निघत नाही ना, हे तपासायला. तपासून झालं की टिक काढायची आणि मगच फाइल सेव्ह करायची. दरवर्षी पहिल्या आठवड्यात मी हे फळ्यावर लिहितो, खाली दोन रेघा मारतो आणि सगळ्या वर्गाकडून एका सुरात म्हणवून घेतो.

मी टिक केली. क्षणभर ऐकलं. नुसती बायको! व्हायोलिनचा मागमूस नाही. एवढी स्वच्छ बायको मी कधी ऐकली नव्हती. म्हणजे दुसऱ्या बाजूला व्हायोलिनही तितकंच स्वच्छ असणार. स्वतःवर इतका खूश झालो की विचारू नका.

"अहो, दांडी कोण लावणार?" बाहेरून हाक आली.

मी गेलो. दांडी लावली, ती पडली, परत लावली. मग हात झटकत आलो, आवाज जरा वाढवला, फाइल सेव्ह केली आणि कॉम्प्युटर बंद केला.

सोमवारी समिती बसली. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त इंजिनियर, ज्यांना हसताना कोणी पाहिलेलं नव्हतं. शेजारी पालकांच्या वतीने एक दंतवैद्यबाई, मुख्याध्यापिकाबाई आणि कोपऱ्यात खिशात टेप घालून खेळाचे सर. मी भाषण केलं नाही. फक्त एवढंच म्हणालो की आता तुम्ही जे ऐकणार आहात, ती माझी आयुष्यभराची साधना आहे, कृपया डोळे मिटून घ्या. सगळ्यांनी मिटले. मी बटण दाबलं. दोन मोठ्या स्पीकरमधून माझी बायको म्हणाली :

"अगं ताई, काय सांगू, घरातल्या सगळ्या रजया भिंतीवर टांगल्यात! फटीतून बघतेय, मधोमध हे उभे, अंगात बनियन आणि डोळे मिटलेले."

अध्यक्षांनी डोळे उघडले. मी झेप घेऊन बटणाकडे हात नेला.

"थांबवू नका," अध्यक्ष म्हणाले.

"साहेब, ही चुकीची..."

"बसा."

मी बसलो. बायको बोलत होती. मी नळ दुरुस्त केल्यावर खालच्या मजल्यावर काय झालं, ते तिने सांगितलं. माझ्या हातचा हेअरकट घेऊन आमची मुलगी महिनाभर टोपी घालून कशी हिंडली, तेही सांगितलं. दंतवैद्यबाईंनी तोंडावर रुमाल धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. खेळाचे सर तर उघड उघड हसत होते. सोळा वर्षांची नोकरी माझ्या डोळ्यांदेखत बुडत होती आणि ती बुडवणाऱ्या आवाजाचा एकेक शब्द लख्ख ऐकू येत होता.

मग बायकोचा सूर बदलला.

"हसू नकोस गं. घाबरलेत ते. दाखवत नाहीत, पण चहात दोनदा साखर घालतात. गेल्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. तोंडच उघडायची नाही. ह्यांनी तिला एकटीला माइकसमोर बसवलं, पुस्तकाचं एक पान वाचून घेतलं आणि तिचा आवाज तिलाच ऐकवला. ती म्हणाली, 'सर, मी अशी बोलते? छान आहे की!' परवा ती स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करत होती. घरी येऊन ह्यांनी मला ते तीन वेळा सांगितलं, तिन्ही वेळा डोळे पुसत. आता या माणसाला शिक्के मारायला बसवणार म्हणे! ताई, त्यांना दुसरं काही म्हणजे काही येत नाही. पण हे येतं."

मी मान खाली घातली. बायको घरात हे माझ्यासमोर कधीच बोललेली नव्हती. समितीसमोर नाक ओढायची पाळी आली. दंतवैद्यबाईंनी त्यांचा रुमाल माझ्याकडे सरकवला.

रेकॉर्डिंग संपलं. अध्यक्षांनी चष्मा पुसला.

"हे कुठे रेकॉर्ड केलं?"

"घरी. ती बाल्कनीत होती आणि मी खोलीत व्हायोलिन वाजवत होतो."

"त्याच वेळी? किती अंतरावर?"

"हातभर."

अध्यक्ष उठून उभे राहिले. "हातभर अंतरावर व्हायोलिन चालू आहे आणि या रेकॉर्डिंगमध्ये ते अजिबात ऐकू येत नाही? सर, हे तुम्ही काढलंत? समूळ?"

खरं बोलायची हीच वेळ होती. मी ग्रंथालयातल्या शिक्क्याचा विचार केला.

"हो," मी म्हणालो. "काढलं."

"कमाल आहे!" ते म्हणाले. खेळाच्या सरांनी खिशातली टेप आणखी आत ढकलली.

संध्याकाळी भीतभीत बायकोला सगळं सांगितलं. माझी तयारी कुठल्याही शिक्षेची होती. ती म्हणाली, "आधी सांगायचं ना. जरा घसा साफ करून बोलले असते." मग स्वयंपाकघरात जाऊन उगीचच बराच वेळ भांडी लावत बसली. मीही उगीचच ती पुसायला गेलो.

आठवड्याने समितीचं पत्र आलं. विषय पुढेही चालू ठेवावा, खोली त्याच विषयाकडे राहावी, असं त्यात लिहिलं होतं. मी आनंदाने मोठ्याने वाचत होतो आणि शेवटच्या कलमाशी अडखळलो. बायकोने पत्र हातातून घेतलं आणि वाचलं :

"'शिक्षकांनी आवाज काढून टाकण्याचे जे कौशल्य दाखवले, त्याबद्दल समिती त्यांचे अभिनंदन करते. यापुढे वर्गात प्रत्यक्ष व्हायोलिन वाजवण्याची आवश्यकता नाही. मान्य असल्यास सही करून परत पाठवावे.'"

"यावर मी सही करणार नाही," मी म्हणालो. "हा कलेचा अपमान आहे."

बायकोने माझ्या हातात पेन दिलं.

"लवकर करा," ती म्हणाली. "त्यांनी मूळ रेकॉर्डिंग मागवून तुमचं व्हायोलिन ऐकायच्या आत."