जोडा जोडून मिळेल

लँडिंग पेज कसं करावं, हे मला झोपेतून उठवून विचारा! संकेतस्थळाच्या ज्या पानावर पाहुण्याचं पहिलं पाऊल पडतं, ते लँडिंग पेज. घराचा उंबरठाच म्हणा. उंबरठ्यावर कोणी घराण्याचा इतिहास सांगत बसतं का? "या" म्हणायचं आणि बाजूला सरायचं. नेमकं वाक्य, एकच बटण, भोवती भरपूर मोकळी जागा. बाकी सगळा पाचोळा! लोक माझ्याकडून ही झाडलोट करून घेतात, आणि मी ती इतकी मन लावून करते की मुळात काय विकायचं होतं, तेही कधीकधी सापडत नाही.

तर मामांचं पान मी करायला घेतलं.

माझे मामा बूट-चपला दुरुस्त करतात. त्यांचं दुकान रस्त्यापेक्षा जरा खोल आहे. खिडकीतून माणसं दिसत नाहीत, नुसती पावलं दिसतात. हल्ली ती पावलं थांबत नव्हती. झिजलं की टाकायचं, नवं घ्यायचं, असे दिवस आले. शेजारच्या चष्मेवाल्याला ती जागा हवी होती. सोमवारी तो उत्तर मागायला येणार होता. दुकान गेलं की मामांनी लेकीकडे जायचं आणि गॅलरीत बसून ढग बघायचे. ज्याच्या बोटांना जन्मभर चामड्याची ऊब, त्याने ढगांना कुठे टाका घालायचा?

"मामा, सोमवारच्या आत दारात रांग लावते!"

"रांग नको गं, गिऱ्हाईक दे." मामांच्या ओठांत कायम खिळे धरलेले, म्हणून बोलणं मोजकं. "आणि नीट लिही. मी काही चपला चिकटवत नाही. जोडा जोडतो."

तो 'जोडा' शब्द माझ्या मनात रुतला. मी लिहिलं: "जोडा तुटलाय? टाकू नका. आम्ही जोडून देतो." खाली बटण: "भेटायला या". बुटाचा फोटो होता, पण त्याने पान जड वाटत होतं. काढला! पाटीचा फोटोही काढून टाकला! पांढरंशुभ्र पान आणि मधोमध तेवढंच. माझी मीच पाठ थोपटून घेतली.

शनिवारी गर्दी बघायला मी दुकानात जाऊन बसले. दार उघडलं. एक बाई आत आल्या. डोळे सुजलेले, हात रिकामे.

"इथेच ना... जोडा जोडून देतात?"

"इथेच. बसा. काय होतंय?" मामांनी विचारलं.

"सारखी कुरकुर हो!"

"जुना झाला की करतोच. चावतो का?"

बाई दचकल्या. "अहो, काहीतरीच! एवढा वाईट नाही तो. पण बोलतो. चारचौघांत सुद्धा!"

"म्हणजे तळ सुटलाय. बाहेर किती नेता?"

"बाहेर? येतच नाही कुठे माझ्याबरोबर!"

"मग घरात पडून कडक झालाय. तेल लावा, ऊन दाखवा."

बाईंनी गंभीरपणे मान हलवली.

"आणलाय का आज?"

"तो कुठला येतोय!"

"येतोय कुठला म्हणजे? पिशवीत घालायचा नि आणायचा!"

मी कोपऱ्यात थिजले. जोडा पायात असतो तसा संसारातही असतो, हे इतकी वर्षं शब्द वेचणाऱ्या मला तेव्हा आठवलं!

मी तोंड उघडणार, तोवर बाहेर घुटमळणारा त्यांचा नवराच आत आला. त्याच्यामागून आणखी एक जोडपं, आधीच भांडत. आणि त्यांना ढकलून एक आई, हातात मुलाचा फोटो.

"याला अजून जोडाच मिळत नाही हो! तुम्हाला जमेल?"

"नवा करून देईन. माप?"

"पाच फूट आठ इंच!"

मामांच्या तोंडातले खिळे खळखळ खाली सांडले.

"काय लिहिलंयस तू?"

मी फोन पुढे केला. मामांनी वाचलं, परत वाचलं. "यात बूट कुठंय?"

"काढला. पान जड होत होतं."

"अगं, चपलांच्या दुकानातून चप्पलच काढलीस?"

मी सगळ्यांची माफी मागून त्यांना घरी पाठवणार होते. पण मामांची नजर सवयीने खाली गेली होती. त्या पहिल्या बाईंच्या नवऱ्याला ते म्हणाले, "काढा तो बूट."

"अहो, पण आम्ही तर..."

"तुम्ही बोलत बसा. काढा. बाई, तुमचीही चप्पल द्या."

आणि गंमत अशी, की पायातलं मामांच्या मांडीवर गेल्यावर तरातरा निघून जायची सोयच उरली नाही! बाई रागाने उठायच्या, उघड्या पावलांकडे बघायच्या, परत बसायच्या. मामांची हातोडी चालू. ठोक, ठोक. हळूहळू त्यांचं भांडण ठोक्यांच्या मधल्या शांततेत मावायला लागलं.

"तुमच्या डाव्या बुटाची टाच झिजलीय," मामा म्हणाले, "आणि यांच्या उजव्या चपलेची. शेजारी चालता ना? एकमेकांवर भार टाकून?"

दोघं वाकून एकमेकांच्या टाचा बघायला लागली.

सोमवारी चष्मेवाला उतरला, तेव्हा त्याला उभं राहायला जागा नव्हती. सगळीकडे अनवाणी माणसं!

"जागेचं काय ठरलं?"

"दिसतंय ना?" मामा म्हणाले. "बघा की, चष्मा तुमच्याकडेच आहे!"

दुकान वाचलं. मग मी चूक सुधारली. पानावर भलामोठा बूट घातला, "बूट-चपला दुरुस्ती" असं स्वच्छ लिहिलं. थोड्याच दिवसांत मामांचा फोन आला.

"काम भरपूर येतंय गं."

"मग झालं तर!"

"नुसत्या पिशव्या येतात. ठेवतात नि जातात." ते जरा थांबले. "ते आधीचंच लाव."

लावलं. पण मामांना त्यात एक भर हवी होती. माझे सगळे नियम सांगून पाहिले, ऐकेनात. म्हणून माझ्या त्या देखण्या, मोकळ्या पानाच्या तळाशी सध्या लिहिलेलं आहे: "भांडायला येताना सपाता घालून येऊ नये. दुरुस्तीला काही निघत नाही, आणि माणूस मधेच निघून जातो."