सागरगौरीसाठी वाहन पाहिजे

सागरगौरी या अठ्ठावीस फुटी होडीने सोबत न्यायच्या वाहनासाठी कोंडवळ बंदराच्या फळ्यावर अर्ज मागवले, तेव्हा एकूण नऊ अर्ज आले आणि त्यांतले तीन वाहनांनी स्वतः लिहिले होते.

अटी होडीने सांगितल्या आणि तिच्या मालकीण इंदुमती खोबरेकर यांनी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतल्या. वाहनाची घडी व्हावी. घडी करून ते पुढच्या बाकाखाली मावावं. एका माणसाला उचलता यावं. खाऱ्या हवेत गंजण्याची खोड नसावी. शेवटची अट होडीने जरा थांबून सांगितली: वाहनाने इंदुताईंना भरतीच्या आत परत आणून सोडण्याची लेखी हमी द्यावी. इंदुताईंनी तीही लिहिली, पण तिथे त्यांचं अक्षर थोडं बिघडलं.

इंदुताई सदुसष्ट वर्षांच्या. टपाल कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ रघुवीर, जन्मभर होड्या बांधणारा सुतार, असे दोघे दर हिवाळ्यात सागरगौरी घेऊन किनाऱ्या-किनाऱ्याने फिरायला निघत. लोकांना हेवा वाटे. खरी गोष्ट अशी होती की इंदुताईंचे गुडघे पार कामातून गेले होते. चार वर्षांत त्यांनी सव्वीस बंदरं पाहिली, म्हणजे सव्वीस धक्के पाहिले. धक्क्यापलीकडचं त्यांना रघुवीर सांगे, आणि रघुवीरला भजी कुठे चांगली मिळतात याखेरीज काही लक्षात राहत नसे.

याचंही त्यांना एवढं दुःख नव्हतं. दुःख सातोडीचं होतं. सातोडीच्या डोंगरावर त्यांची बहीण शालन राहायची. शालनचं खुब्याचं हाड मोडल्यापासून ती सात महिने घराबाहेर पडली नव्हती. धक्क्यावरून तिच्या घराची कौलं दिसत, पण मधे चार किलोमीटरचा चढ. गावात एकच रिक्षा, आणि तिचं समुद्राशी जुनं वाकडं असल्यामुळे ती बंदराकडे फिरकत नसे. फोनवर रोज बोलणं होई. पण फोनवर माणूस किती वाळलंय ते कळत नाही, आणि इंदुताईंना नेमकं तेच बघायचं होतं.

मुलाखती धक्क्यावर झाल्या. होडी अध्यक्षस्थानी होती. हातगाडीने आपण वाहनच आहोत हे पटवायला अर्धा तास घेतला आणि तरी कुणाला पटलं नाही. एका जुन्या मोपेडला घडीबद्दल विचारलं.

"होते की," मोपेड म्हणाली. "पण एकदाच."

तिचे आभार मानून तिला परत पाठवण्यात आलं. दुपारपर्यंत दोनच उमेदवार उरले. एक पुण्याहून आलेली विजेची स्कूटर, उभ्याने चालवायची, सडपातळ आणि चकचकीत. तिने हमीपत्र वाचायच्या आधीच त्यावर सही ठोकली. दुसरी घडीची सायकल. ती कुडाळच्या एका मोजणीदाराकडे दहा वर्षं काढून आलेली. पुढच्या चाकात चिमुकली मोटर, मागे कॅरिअर. मोजणीदाराच्या संगतीने ती कमी आणि नेमकं बोले. हमीपत्र तिने दोनदा वाचलं आणि सही न करता बाजूला ठेवलं.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

होडीला स्कूटर आवडली होती हे सगळ्यांना दिसत होतं. तरी रीत ती रीत. कोंडवळात होडीवर नवं काही चढवायचं तर आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने नारळ हातात धरून मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला 'होय म्हाराजा' म्हणायचं. हा होकार आजवर कुणी अडवलेला नव्हता. गाऱ्हाणं घालायला रघुवीरच उभा राहिला, कारण गावातली सगळी गाऱ्हाणी तोच घाली. दोन्ही उमेदवार त्याच्यासमोर शेजारी-शेजारी उभे होते.

"बा देवा म्हाराजा," रघुवीरने डोळे मिटले, "आज ही सागरगौरी आपल्यावांगडा नवा वाहन घेता हा, ता तुका मान्य होवंदे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"वाटेत काय इघ्न इला तर ता दूर कर म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

इथवर ठीक चाललं होतं. पण त्या महिन्यात रघुवीरने सात लग्नांची गाऱ्हाणी घातली होती, आणि समोर दोघं जोडीने उभी असलेली बघून त्याची जीभ सवयीच्या वाटेला लागली.

"ह्या नव्या जोडप्याचो संसार सुखाचो कर, वर्साच्या आत पाळणो हलवंदे म्हाराजा!"

"होय महाराज!" स्कूटर खणखणीत आवाजात म्हणाली.

बाकी कुणीच काही म्हणालं नाही. रघुवीरने डोळे उघडले, कानाच्या पाळ्यांना हात लावला, पुन्हा मिटले आणि घाईघाईने शेवटचं मागणं मागितलं.

"आणि इंदूक भरतीच्या आत परत हाड म्हाराजा!"

"होय महाराज!" स्कूटर म्हणाली.

सायकल गप्प राहिली. धक्क्यावर असं कधी घडलं नव्हतं. रघुवीरला नारळ फोडावा की खिशात घालावा ते कळेना.

"होकार का नाय दिलंस?" होडीने विचारलं. तिचा आवाज चढला होता.

"नेता येईल, हे मी मोजून सांगू शकते," सायकल म्हणाली. "बाई परत कधी निघतील, हे माझ्या हातात नाही. त्यांना राहावंसं वाटलं तर मी अंगणात उभी राहीन. घंटी वाजवणार नाही."

गेले कित्येक दिवस इंदुताईंना हेच म्हणायचं होतं, आणि एका परक्या सायकलने ते चारचौघांत म्हणून टाकलं. त्या काठी टेकत होडीच्या कडेशी आल्या.

"गौरी, मी परत येतलंय. पण कधी, ता सांगूक जमाचा नाय."

होडीच्या दोऱ्या ताणल्या गेल्या.

"तुमी थंयच रवलात तर?"

"रघू हा मगे तुझ्यावांगडा."

"तो घोरता." होडी थांबली. "माका भय वाटता, बाई."

तेवढ्याने इंदुताई विरघळल्या. त्यांनी होडीच्या काठावर हात ठेवला आणि ठेवूनच दिला. आपल्याशिवाय कुणाचं अडतंय हे सदुसष्टाव्या वर्षी ऐकायला मिळणं काही लहानसहान सुख नाही. त्यांना रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं.

शेवटी होडीने निकाल दिला. पाळण्यालाही होय म्हणणाऱ्याची हमी आपल्याला नको. हमीची अट रद्द. सायकलीला पुढच्या बाकाखाली जागा द्यावी. रघुवीरने सुटकेचा निःश्वास टाकला आणि नारळ फोडला. खोबऱ्याचा मोठा तुकडा स्कूटरला देण्यात आला, आणि तिने त्यालाही होय म्हटलं.

सातोडीला ते तिसऱ्या दिवशी पोचले. सायकलीने इंदुताईंना चढ असा चढवला की त्यांना दमायला वेळच मिळाला नाही. शालन खिडकीशी बसली होती. वाळली होती, पण फोनवर भासली होती तेवढी नाही. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग दोघींनी एकदमच 'तू जाडी झालंस' असं खोटं सांगितलं.

चार दिवस त्या बोलतच होत्या. सायकल अंगणात उभी होती. तिने घंटी वाजवली नाही. खाली बंदरात आठ भरत्या येऊन गेल्या. पाचव्या सकाळी इंदुताईंनी पिशवी भरायला घेतली, तशी शालनने खुर्चीचे हात घट्ट धरले.

"सात म्हयने हीच खिडकी बघतंय गो मी," ती म्हणाली. "माका घेवन चल."

दोघींनी अंगणाकडे पाहिलं.

"माझ्या कॅरिअरवर पंचवीस किलोची मर्यादा लिहिलेली आहे," सायकल म्हणाली. "पण ते लिहिणाऱ्याने शालनताईंना पाहिलं नव्हतं. पाय आत घ्या."

उतारावर शालनने बहिणीची कंबर दोन्ही हातांनी धरली होती आणि ती लहानपणीसारखी किंचाळत होती. शेवटच्या वळणावरून बंदर दिसलं. वारा दक्षिणेचा होता, त्यामुळे नांगरावरच्या सगळ्या होड्या दक्षिणेला तोंड करून उभ्या होत्या. एकटी सागरगौरी वाऱ्याला न जुमानता डोंगराकडे तोंड करून उभी होती. खाली धक्क्यावर वाट बघत थांबलेला रघुवीर म्हणाला, पहिल्या दिवसापासून ती अशीच आहे, मी दोनदा वळवून पाहिलं.

एकटीने परत यायचं कबूल केलं होतं आणि आपण दोघी आलो, हे होडीला कसं सांगावं याची वाक्यं इंदुताई मनात जुळवू लागल्या. रघुवीरने छोट्या पडावातून दोघींना आणि सायकलीला होडीपाशी आणलं.

होडीने शालनला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग ती तिच्या बाजूला हळूच कलली, पायरीची उंची वीतभर कमी केली आणि म्हणाली, "येवा. दार बारीक आसा, डोक्याक लागात."