हलकी सायकल, उभा जावई

धोंड्याच्या जेवणाला जायच्या आदल्या रविवारी काकासाहेबांनी सायकलची सीट बदलली आणि पुढचं सगळं रामायण त्या सीटमुळे घडलं.

काकासाहेब जालना एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. दाणे मोजायचे, तोलायचे आणि शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. आजूबाजूच्या कारखान्यांत लोखंड टनाने वितळत असताना हा माणूस मिलिग्रॅमवर जगत होता. दोन वर्षांपूर्वी त्यांनी डोंगरात चालवायची अतिहलकी सायकल स्वतः जुळवायला घेतली. घरापासून डोंगर बराच लांब होता, पण ही अडचण त्यांना कधी जाणवली नाही. कार्बनची फ्रेम आली. मग एकेक वस्तू गळू लागली. घंटी गेली, मडगार्ड गेले, स्टँड गेलं. साधे बोल्ट जाऊन टायटॅनियमचे आले. प्रत्येक भाग जेवणाच्या सुट्टीत बियाण्यांच्या काट्यावर चढायचा.

"त्यापेक्षा रोज एक पोळी कमी खा ना," त्यांची बायको शीतल एकदा म्हणाली.

"स्वाराचं वजन सायकलच्या वजनात धरत नाहीत," काकासाहेबांनी शांतपणे सांगितलं आणि तिसरी पोळी घेतली.

तरी सायकल आठ किलोच्या खाली जाईना. तेव्हा सायकल ग्रुपमधल्या राधेश्यामनी उपाय सुचवला. त्यांचं जुन्या जालन्यात कापडाचं दुकान होतं. "सीट बदलो, काकासाहेब. पूरी कार्बन की. गादी दुकानात बसायला पाहिजे, सायकलवर कायको?" असं ते दुकानातल्या जाड गादीवर लोडाला टेकून म्हणाले. नवी सीट आली. ती नुसती टरफलासारखी होती, कापूस नाही, फोम नाही. वजन एका पेरूहून कमी. सायकल आठ किलोच्या खाली उतरली आणि त्या रात्री काकासाहेबांना फार शांत झोप लागली.

शीतलला मात्र वेगळीच काळजी होती. मागच्या अधिक महिन्यात सासऱ्यांनी धोंड्याला बोलावलं असताना प्रयोगशाळेतून फोन आला आणि काकासाहेब भरल्या ताटावरून उठले. जावई ताटावरून उठला याचा अर्थ सासुरवाडीत एकच होतो. टॉवेल-टोपीवर भागवलं म्हणून जावई रुसले, असं सासरे कडूबा यांनी धरून घेतलं आणि तेही फुगले. तेव्हापासून ते मोंढ्यात माल विकायला जालन्याला यायचे, पण लेकीच्या घरी चहाला न येता परस्पर परत जायचे. मोंढ्याच्या दिवशी शीतल दुपारपर्यंत आधण चढवून बसायची आणि मग गॅस बंद करायची. तीन वर्षांनी यंदा पुन्हा बोलावणं आलं होतं.

"मी उद्या एसटीनं पुढं जाते," ती म्हणाली. "तुम्ही परवा या. पण एक सांगते, यंदा काही वाकडं झालं ना, तर बाबा पुन्हा आपल्या दारात पाय ठेवणार न्हाईत."

"काही वाकडं होत नाही. मी सायकलवर येतो."

शीतलने त्यांच्याकडे पाहिलं. मग ती पिशवी भरायला लागली.

काकासाहेब पहाटे निघाले. अंबडपर्यंत त्यांना आपण उडतोय असं वाटलं. अंबडच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं आणि तिथे त्यांना सीट कळली. प्रत्येक खड्डा त्या टरफलातून जसाच्या तसा वर येत होता. बसून चालवायचं त्यांनी हळूहळू सोडलं. तीर्थपुरीच्या अलीकडच्या सासऱ्यांच्या मळ्यात ते पेडलवर उभे राहूनच शिरले. सायकलला स्टँड नसल्यामुळे त्यांनी ती कडुनिंबाला टेकवली आणि दोन पाय फाकवून तिच्याशेजारी उभे राहिले.

"या या, जावईबापू!" कडूबा धोतराचा सोगा सावरत आले. ओसरीवरच्या बाजेवर नवी कोरी सतरंजी अंथरली होती. "बसा."

"नको. मी उभाच बरा आहे."

कडूबांचा चेहरा किंचित उतरला. "आसं कसं? इतक्या लांबून आले. बसा ना."

काकासाहेबांनी प्रयत्न केला. बाजेची सुंभाची वीण त्यांना अर्ध्यावरच लागली आणि ते आले तसे वर गेले. "खरंच नको," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी कसंबसं आवरलं. हे कडूबांनी बरोबर टिपलं.

आत बातमी गेली. सासूबाई उषाबाई जावयाशी थेट बोलत नसत. त्यांनी दाराआडून लेकीला विचारलं, "शीतल, काय चुकलं गं आमचं?" शीतल पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, बसा ना! काय चाललंय हे?"

काकासाहेबांनी तिच्या कानात खरं कारण सांगितलं. शीतलने डोळे मिटले.

"हे मी बाबाला कसं सांगू? आत सगळी भावकी बसलीये. जावयाला कुठं लागलंय ते ओसरीवर सांगत बसू का?"

"मग काय करू?"

"काहीतरी बोला. पण ते बोलू नका."

तेव्हा काकासाहेबांनी आयुष्यात प्रथमच न तोलता एक वाक्य टाकलं. "मामा, माझं व्रत आहे. अधिकात उभं राहायचं."

ओसरीवर प्रभावतीआत्या बसल्या होत्या. कडूबांची ही थोरली बहीण. पंचक्रोशीत कुठलं व्रत कसं करायचं हे त्यांना विचारून ठरायचं. "अधिकात मौन आसतंय," त्या म्हणाल्या. "एकभुक्त आसतंय, भुईवर झोपणं आसतंय. उभं राह्यचं व्रत मी पयल्यांदाच ऐकून राह्यले. उद्यापन कसं करायचं याचं?"

काकासाहेबांना उद्यापन माहीत नव्हतं. आत्यांनी भावाकडे पाहून मान हलवली. रुसवा पक्का झाला.

मग समजूत काढणं सुरू झालं. आधी टॉवेल आला, मग शर्ट-पँटचं कापड. उषाबाईंनी आतून तांब्याचं घंगाळ पाठवलं. ते दोघांनी उचलून आणलं. जावई बसेना म्हणून त्याच घंगाळात मोसंब्या भरून ते पुन्हा आणलं. काकासाहेब प्रत्येक वस्तूला हात लावून "कशाला, कशाला" म्हणत उभे होते. मनातल्या मनात मात्र ते वजनांची बेरीज करत होते आणि ती बेरीज सायकलच्या कितीतरी पुढे गेली होती.

एवढ्यात कडूबांची नजर कडुनिंबाकडे गेली. ते सायकलपाशी गेले आणि त्यांनी ती एका हाताने उचलली. पुन्हा उचलली. मग त्यांनी लेकाला, भारतला, बाजूला घेतलं.

"पाह्य बरं. घंटी न्हाई, मडगार न्हाई, क्यारेज न्हाई. बसायला सीट बी न्हाई, नुसता पत्रा. आन त्याच्यावर जालन्याहून आले. काहून आले?"

"काहून?"

"आपल्याला दाखवायला. तुमी काय दिलं न्हाई, मंग पाहा माझी काय दशा हाये." कडूबांचा आवाज जड झाला. "माझंच चुकलं, भारत. लेकीच्या दारावरून तीन साल तसाच परत आलो. तू आसं कर, ही घेऊन जल्दी तीर्थपुरीला जाय. मिस्तरीला म्हणाव, जे जे न्हाई ते सगळं बसव. खर्च्याचं पाहू नको."

"टेम्पोत टाकून नेऊ का?"

"टेम्पो कायला? बसून जाय."

भारत टांग मारून निघाला. काकासाहेब ओसरीवरून "अरे, अरे" करेपर्यंत सायकल बांधापलीकडे गेली होती. शीतलने त्यांची बाही धरली. "आता बोललात ना, तर बघा." आत पुरणाचे धोंडे निवत होते. जावई बसल्याशिवाय कोणीच जेवू शकत नव्हतं आणि भावकीतली पोरं रडायला लागली होती.

दोन तासांनी भारत आला. लांबून आधी घंटीच ऐकू आली. सायकलला पुढे टोपली होती, मागे लोखंडी क्यारेज होतं, दोन्ही चाकांवर चकचकीत मडगार्ड होते. भारतने खटकन दुहेरी स्टँड लावलं, तसा जमिनीत खळगा पडला. आणि कार्बनच्या टरफलाच्या जागी जाड स्प्रिंगांवर बसवलेली रुंद सीट होती. तिला लाल मखमली कव्हर होतं आणि कव्हराला गोंडे होते.

काकासाहेबांनी नुसत्या नजरेने तोललं. सतरा किलो. दोन वर्षांची मेहनत गोंडे लावून समोर उभी होती. त्यांना खरोखर रडू आलं.

कडूबा हात जोडून पुढे आले. "जावईबापू, मागलं सोडून द्या. एकदा बसून तर पाहा."

ओसरीवर सगळे थांबले. शीतल दारात उभी होती. तिचा तो चेहरा काकासाहेबांनी मोंढ्याच्या दिवशी ती गॅस बंद करत असताना पाहिला होता. ते गेले, टांग टाकली आणि डोळे मिटून हळूच टेकले.

स्प्रिंगा खाली गेल्या आणि त्यांना घेऊन तिथेच थांबल्या. कुठेही काही लागलं नाही. पहाटेपासून शरीरात साठलेला सगळा रस्ता त्या मखमलीत उतरून गेला. इतकं सुख त्यांना आठ किलोच्या खाली उतरल्यावरही झालं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"बसले!" प्रभावतीआत्या ओरडल्या. "बसले गं जावई!"

कडूबांनीही उपरण्याने डोळे पुसले. "चला, या उतरून. ताट वाढलंय पाटावर."

"मामा," काकासाहेब कळवळून म्हणाले, "मला इथंच वाढा."

आता त्यांना कोणी नाही म्हणणार नव्हतं. टोपलीवर फळी टाकून तिच्यावर ताट ठेवलं. शीतलने धोंडे वाढले, उषाबाईंनी वरून तूप पाठवलं. कडूबा स्टँडवरच्या जावयाशेजारी येऊन म्हणाले, "सोमवारी मोंढ्यात येऊन राह्यलो. शीतल, चहा ठेव. घरी येतो." शीतल तूप वाढायचं विसरून बापाकडे बघत राहिली. काकासाहेबांनी घंटी वाजवली.

पंगत बसली. सगळे पाटांवर टेकले आणि तेव्हा कुठे कडूबांच्या लक्षात आलं की भारत अजून खांबाला धरून उभा आहे.

"भारत, बस ना रे."

"नको. मी उभाच बरा हाये."

काकासाहेबांचा घास तोंडाशी थांबला. त्यांनी मेव्हण्याकडे पाहिलं, मेव्हण्याने त्यांच्याकडे. तीर्थपुरीला जाताना सायकलवर कार्बनचीच सीट होती, हे त्या घरात फक्त दोघांना आठवलं. काकासाहेबांनी एक हात हळूच लाल मखमलीवर ठेवला. उतरावं तर पुन्हा रुसवा आणि न उतरावं तर भारतची ती नजर.

"लेक बी रुसला का आता?" प्रभावतीआत्यांनी विचारलं.

कडूबांनी द्रोण खाली ठेवला. जावयाला मनवून ते दमले होते. "बोल बाबा, सगळ्यांम्होरं बोल. तुला काय पाहिजे?"

भारतने सायकलकडे पाहिलं.

"दाजींचं जेवण होऊ द्या," तो म्हणाला, "मंग सांगतो."